अकमारलच्या पायातला दोर

खोगीर गल्लीत डांबर आलं ते गुरुवारी, आणि शनिवारी अकीमसाहेबांच्या नातीच्या, छोट्या अकमारलच्या, पायातला दोर कापायचा होता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, असं मानणारा माणूस अख्ख्या बेसकुदुक शहरात सापडला नसता. गल्लीने वर्षानुवर्षं अर्ज केले होते. आधी उत्तर यायचं की निधी नाही, मग यायला लागलं की प्रस्ताव विचाराधीन आहे, आणि पुढे पुढे तर उत्तर यायचंच बंद झालं. आणि आता एका सकाळी रोलर आले, ट्रक आले, नारिंगी जाकिटं घातलेली माणसं आली. अंधार पडेपर्यंत रस्ता काळाभोर, खांबांवर दिवे, नळाला दुपारीही पाणी. कुंपणं हिरवी रंगवली. असिलखान म्हाताऱ्याची कुंपणाला टेकवून ठेवलेली सायकलसुद्धा हिरवी होऊन गेली.

हे अकीमसाहेबांनी, म्हणजे सागिंदिकने, सांगितलेलं नव्हतं, एवढं त्याच्या बाजूने म्हणायला हवं. शहराचा अकीम म्हणजे अख्ख्या शहराचा कारभारी. त्याच्या डोक्याला व्याप काय कमी असतात? हे सगळं केलं ते त्याच्या हाताखालच्या नुरदौलेतने, मनानेच. साहेबांची गाडी शनिवारी वडलांच्या घरी जाणार, तिला गचके बसू नयेत, एवढाच त्याचा विचार. साहेबांच्या मनातलं ओळखणं हे एकच काम त्याला येत होतं, आणि या खेपेला तेही चुकलं. कारण वसंतात ही गल्ली पाडायची होती. चाळीसेक घरं जाणार आणि तिथे सोळा मजल्यांचे मनोरे उठणार होते. त्याचा नकाशा खुद्द नुरदौलेतच्याच कचेरीत भिंतीवर टांगलेला होता.

शनिवारी सकाळी गाडी गल्लीत शिरली आणि सागिंदिकचा चहा पेल्यातून सांडला नाही, तेव्हा त्याच्या लक्षात आलं. "हे कुणी केलं?" त्याने विचारलं. पुढच्या सीटवर बसलेला नुरदौलेत मागे वळून लाजत हसला. सागिंदिकने कपाळाला आठ्या घातल्या, पण मनातून त्याला बरंच वाटलं. सहा महिन्यांनी उखडायचा रस्ता, फार तर पैसे वाया गेले. पैसे वाया जाण्याची त्याला सवय होती. गल्लीला या डांबरातून काय कळेल, हा विचार त्याला शिवला नाही. गल्लीला काय वाटतं हे त्याने गेल्या दहा वर्षांत कुणाला विचारलेलंच नव्हतं.

त्याला आज हवा होता फक्त धाकट्या भावाचा होकार. वडलांचं घर धाकट्याला, हा रिवाज, त्यामुळे वडील गेल्यावर घर ओरिनबायचं झालं. आणि गल्लीने आपसात ठरवून टाकलं होतं, अकीमचा सख्खा भाऊ घर सोडेल त्या दिवशी आम्ही सोडू. बळजबरी करता आली असती. पण राज्यपालाची खुर्ची रिकामी व्हायच्या बेतात होती आणि रडणाऱ्या बायांची चित्रफीत अशा वेळी कुणालाच नको असते. सोमवारी राजधानीतून बांधकामवाले यायचे होते. त्याआधी ओरिनबाय हो म्हणायला हवा होता.

स्वयंपाकघरात त्याची बहीण बाल्झान लोकरीचा दोर वळत बसली होती. एक पेड काळा, एक पांढरा. मूल पहिली पावलं टाकायला लागलं की त्याचे पाय अशा दोराने सैलसर बांधायचे आणि कुणा चांगल्या माणसाने तो कापायचा. काळा-पांढरा अशासाठी, की मुलाने पुढे दुसऱ्याच्या वाट्याचं ओलांडून जाऊ नये. आणि कापणारा जसा, तसं मूल होतं, म्हणून कात्री कुणाच्या हाती जाते यावरून घराघरांत वर्ष वर्ष अबोले चालतात. बाल्झानने धरून ठेवलं होतं की आज कात्री आपल्या हाती येणार. दुसऱ्या कुणाच्या हाती शोभेल, हा प्रश्नच तिला पडला नव्हता.

तिची जेंगे म्हणजे वहिनी, सागिंदिकची बायको कुनसुलू, राजधानीतून आणलेला सोनेरी रेशमी दोर घेऊन आत आली.

"हा पडद्याला लाव, जेंगे," बाल्झान मान वर न करता म्हणाली. "मुलीच्या पायात हाच जाईल."

कुनसुलूने सोनेरी दोर निमूट बाजूला ठेवला. एवढ्या सहज ती ऐकते म्हणजे पुढे काहीतरी मोठं वाढून ठेवलंय, हे बाल्झानला तीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं.

"दोर तुझाच," कुनसुलू म्हणाली. "कात्री मात्र ओरिनबायच्या हाती द्यायचं ठरलंय."

बाल्झानचे हात थांबले. "ओरिनबाय? पोरीने त्याच्यासारखं व्हायचं? बारा वाजेपर्यंत लोळायचं, आणि मग अंगणातल्या टायरांवर बसून सूर्यफुलाच्या बिया फोडायच्या?"

"एका दिवसाचा मान आहे. त्याला बरं वाटेल."

"कात्री देऊन घर काढून घ्यायचं म्हण की."

"कुणी काही काढून घेत नाहीये, बाल्झान. बरं, तुझ्या येरसाईनचं उद्यान खात्यातलं काम याच आठवड्यात होऊन जाईल, असं हे सकाळी म्हणत होते."

बाल्झानने दोराला गाठ मारली. कालच तिने ओरिनबायला फोनवर सांगितलं होतं की वेळ आली तर मी स्वतः बुलडोझरसमोर आडवी पडेन, पण बापाच्या घराची वीट हलू देणार नाही. आता ती म्हणाली की शेवटी घर म्हणजे चार भिंती, माणसं महत्त्वाची. म्हणताना तिचा तिलाच थोडा राग आला, पण तिचा मुलगा येरसाईन तीन वर्षं घरी बसून होता आणि त्याला झाडांतलं काही कळत नसलं तरी उद्यान खात्यात ते कुणी विचारत नव्हतं.

सून बोताकोझ चुलीपाशी बसून चहा ओतत होती. तिचा नवरा, म्हणजे सागिंदिकचा मुलगा, कामाचं निमित्त सांगून राजधानीतच राहिला होता. सासरी तिचा आवाज कुणी फारसा ऐकलेला नव्हता. सासऱ्याचं नाव ती घेत नसे, रिवाजच तसा, ती त्याला 'थोरले' म्हणायची. दोघी नणंदा-भावजयांनी तिच्यादेखत सगळा सौदा केला. तिला कान आहेत हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

बाहेर अंगणात ओरिनबाय मांसाच्या कढईपाशी उभा होता. विकायचे टायर त्याने आजच्यापुरते ताडपत्रीखाली ढकलले होते. थोरला भाऊ महागडा कोट घालून धुरातून आपल्याकडे येतोय हे त्याने पाहिलं आणि उगाच कढई ढवळायला घेतली. ओरिनबायला लोक तत्त्वाचा माणूस म्हणू लागले होते आणि ते त्याला आवडायला लागलं होतं. खरं तर त्याला दोन फ्लॅट आणि मनोऱ्याखाली कोपऱ्यावरचं दुकान हवं होतं. पण ते अजून कुणी देऊ केलं नव्हतं, म्हणून तोवर तत्त्व होतं.

सागिंदिक बोलायला लागला की सभेत बोलल्यासारखाच बोलायचा. दर महिन्याला शहरात हजारो माणसं येतात, तो म्हणाला. खेड्यांतून, सीमेपलीकडून. शाळा तीन पाळ्यांत चालते, तिसऱ्या पाळीची पोरं अंधारात घरी जातात. मैलापाण्याचा नळ दोन लाख माणसांसाठी घातलेला, वर आता दहा लाख बसलीत. चौथ्या मजल्यावर पाणी चढत नाही. "या एका गल्लीत चाळीस घरं पसरून बसलीत, ओरिनबाय. इथे आठशे कुटुंबं राहतील. सांग, मी काय करू? लोकांना स्टेपीच्या माळावर तंबू ठोकायला सांगू?"

"कारंज्याला पाणी आहे की," ओरिनबाय म्हणाला. "कचेरीसमोरच्या. रंगीत दिव्यांचं."

"कारंजं वरून आलेल्या आदेशाने बांधलं."

"आणि मनोऱ्यांना पाणी कुठल्या आदेशाने चढणार, आगा?"

पाण्याचं सोडून सागिंदिक दुकानावर आला. कोपऱ्यावरचं, रस्त्याला तोंड करून, आणि दोन फ्लॅट, एकाच मजल्यावर. आणि आज अकमारलचा दोर तू कापायचास, तो म्हणाला, सगळ्यांसमोर तुला बोलावणार आहोत. पन्नाशीला आलेल्या ओरिनबायला आजवर कुणी कशाला बोलावलं नव्हतं. लग्नातसुद्धा त्याला गाड्या लावून घ्यायला उभं करत. तो कढई ढवळत राहिला आणि म्हणाला, बरं, जेवताना सांगतो सगळ्यांना. तत्त्वाचं काय झालं हे त्याने स्वतःला विचारलं नाही.

फाटक वाजलं ते तेवढ्यात.

गल्ली आली होती. अख्खी गल्ली. बायांच्या हातात तळलेल्या पिठाच्या गोळ्यांच्या, ताज्या बौरसाकांच्या परड्या, एकीने घोडीच्या आंबवलेल्या दुधाची, कुमिसची बरणी धरलेली, पुरुषांनी ठेवणीतल्या टोप्या घातलेल्या. पुढे असिलखान, सगळ्यांत म्हातारा, त्याच्या कोटाच्या बाहीला अजून हिरवा रंग होता. सागिंदिकला आधी वाटलं की भांडायला आलेत. मग म्हाताऱ्याने त्याला मिठी मारली आणि त्याच्या कानात म्हणाला की आम्ही तुझ्याबद्दल वाईट बोललो, आम्हाला माफ कर.

सागिंदिकला मग हळूहळू उलगडा झाला. जे घर पाडायचं त्याच्या दारात डांबर कोण घालेल? दिवे कोण लावेल? कुठलाही शहाणा माणूस तसं करणार नाही. म्हणजे गल्ली वाचली. बापाच्या गल्लीला शेवटी लेकाने हात लावला नाही. शुक्रवारभर घराघरांतून बायका रडल्या होत्या, आनंदाने. एकीने तर बांधून ठेवलेली भांडी सोडून पुन्हा फळीवर मांडली होती. आपलं सरकार शहाण्या माणसासारखं वागतं, अशी समजूत करून घेणं, एवढीच काय ती त्यांची चूक.

नुरदौलेत मागे उभा राहून तोंडभर हसत होता. इतक्या लोकांना साहेबांचं कौतुक करताना त्याने कधी पाहिलं नव्हतं.

असिलखानने तळवे वर करून दोन्ही हात पुढे धरले. अंगणातल्या प्रत्येकाने धरले. सागिंदिकचेही हात वर गेले. म्हातारा आशीर्वाद द्यायला लागला की हात वर जातात, त्याला अकीम असो की टायरवाला, कुणी अपवाद नाही. आणि अशा आशीर्वादाला आमीन म्हणणं म्हणजे तो पदरात घेणं. घेतल्यावर त्याच्याशी खोटं वागणाऱ्याला या भागात माणूस म्हणत नाहीत.

"ज्याने आमची घरं मोडू दिली नाहीत," असिलखान म्हणाला, "बापाची चूल विझू दिली नाही, त्याचं दार सदा उघडं राहो. त्याच्या नातवंडांची पावलं सुखाची पडोत."

सागिंदिकला हात खाली घेता आले असते. थांबा, असं म्हणता आलं असतं. तुमचा गैरसमज झालाय, एवढंच वाक्य, तेही तो सभेत रोज म्हणायचा. त्याने समोर पाहिलं. एक बाई बौरसाकांची परडी काखेत धरून उघड्या तळव्यांनी त्याच्याकडे बघत होती. नुसते शब्द आहेत, त्याने मनाशी म्हटलं. शब्दांनी कुणाच्या घराला काय होतं?

"आमीन," तो म्हणाला, आणि रिवाजाप्रमाणे दोन्ही तळवे तोंडावरून फिरवले.

लोक अंगणात बसायला लागले तेव्हा आतल्या खोलीत घरचे जमले. दार लोटलं होतं. बोताकोझ चहाचं तबक घेऊन आत आली आणि कोपऱ्यात बसून पेले भरू लागली. तिला कुणी जा म्हणालं नाही, कारण ती आहे हे कुणी पाहिलंच नाही.

"डांबर तुला कुणी मागितलं होतं?" सागिंदिकने नुरदौलेतला विचारलं.

"साहेब, मग काम थांबवायचं का? वसंतातलं?"

"थांबवायचं? एका म्हाताऱ्याने हात वर केले म्हणून?" सागिंदिक हसला. "वसंतात मशिनं येणार म्हणजे येणारच. आज गोड खाऊ दे त्यांना."

कुनसुलू म्हणाली, हळू बोला. ओरिनबाय कुरकुरला की आता या लोकांसमोर मी होकार देणार नाही, मला याच गल्लीतून जायचं-यायचं असतं. सागिंदिकने त्याची समजूत घातली, आज नको, सोमवारी दे, आज फक्त कात्री घे आणि हस. ओरिनबायने जरा विचार केल्यासारखं केलं आणि मान डोलावली. बाल्झान म्हणाली, तेच बरं, उगाच मुलीच्या दिवशी वाद नकोत. वडील गेल्यापासून या घरात इतकी एकी कुणी पाहिली नव्हती. वडलांच्या जुन्या वोल्गा गाडीच्या वाटणीवरून तीन वर्षं न बोललेले दोघे भाऊ एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून बाहेर पडले.

अंगणात पांढरं कापड अंथरलं होतं, मुलीने त्याच्यावरून चालायचं. अकमारलला मखमली बंडी घातली होती आणि ती बंडीचं बटण चघळत होती. बाल्झानने तिच्या पायांना काळा-पांढरा दोर बांधला. बोताकोझ मागून तिला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. नुरदौलेतने कात्री आणली, तांबड्या मखमलीच्या तबकात. पूल, बालवाडी, रंगीत कारंजं, कशाचीही फीत कापायची असली की हेच तबक यायचं, आणि कापून झालं की तबकवाला कात्री परत घ्यायला शेजारी उभा असायचा. त्याला घरचं कार्य आणि उद्घाटन यातला फरक कळत नव्हता, आणि खरं म्हणजे कुनसुलूलाही कळत नव्हता.

"आमचे धाकटे, घराचे मालक," कुनसुलूने सुरुवात केली, पण असिलखानने हात वर केला. आज दुसऱ्या कुणी कात्री धरावी हे बरोबर नाही, म्हातारा म्हणाला, ज्याने आपलं दार राखलं त्यालाच कापू दे. सगळी गल्ली हो म्हणाली. ओरिनबायने कात्रीला हात लावला होता तो काढून घेतला. आयुष्यात एकदा आलेला मानही भावाकडेच गेला, याचं वाईट वाटतंय की सुटल्यासारखं वाटतंय, हे त्याला कळेना. त्याने कात्री उचलून सागिंदिकच्या हाती दिली.

सागिंदिक गुडघ्यावर बसला. त्याला मनापासून बरं वाटलं. लोक आपल्यावर प्रेम करताहेत ही गोष्ट त्याच्या वाट्याला कमी यायची, आणि ती खोट्यावर उभी असली तरी ऊब तीच असते. त्याने कात्री उघडली.

बोताकोझने मुलीला उचलून छातीशी धरलं.

"नको," ती म्हणाली.

कुनसुलू हसून म्हणाली की सूनबाई बावरलीय, पहिलंच मूल आहे. बोताकोझ बावरलेली नव्हती. ती सासऱ्याकडे न बघता असिलखानकडे वळली.

"आजोबा, जो कापतो त्याच्यासारखं मूल होतं, असं म्हणतात ना?"

"म्हणतात, बाळ. म्हणून तर."

"मग थोरल्यांच्या हातून नको. तुमच्या आशीर्वादाला आमीन म्हणून ते आत गेले आणि म्हणाले, वसंतात मशिनं येणारच, आज गोड खाऊ दे त्यांना. सगळे हो म्हणाले. मी तिथेच चहा ओतत होते." तिने मुलीच्या पायातल्या दोरावर हात ठेवला. "माझ्या मुलीने तसं होऊ नये. बाकी मला काही म्हणायचं नाही."

कुनसुलूने सुनेचा दंड धरला, बोताकोझने तो सोडवून घेतला. मग सागिंदिक उठला आणि बोलायला लागला. शाळेच्या तीन पाळ्या सांगितल्या, दहा लाख माणसं सांगितली, मैलापाण्याचा नळ किती जुना आहे ते सांगितलं. यातला शब्द न् शब्द खरा होता. यापूर्वी कुठल्याही दिवशी तो गल्लीत येऊन हे बोलला असता तर लोक भांडले असते, ओरडले असते, पण त्यांनी ऐकून घेतलं असतं.

"हे सगळं असेल," असिलखान म्हणाला. "मग आमीन कशाला म्हणालास?"

या शहराबद्दल विचारलेल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर सागिंदिककडे तयार असायचं. याचं नव्हतं. लोक म्हाताऱ्याच्या हातांकडे बघत राहिले. असा माणूस चिडून तळवे पालथे करून पुढे धरतो तेव्हा तो शाप असतो, आणि मग पिढ्यान्‌पिढ्या लोक त्या घरात मुलगी देत नाहीत. असिलखानने दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले आणि फाटकाकडे चालायला लागला. त्याच्यामागे गल्ली निघाली. बाया बौरसाकांच्या परड्या परत घेऊन गेल्या. मांस कढईत तसंच राहिलं.

"मी घर देणार नाही," ओरिनबाय मोठ्याने म्हणाला, फाटकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. कोपऱ्यावरचं दुकान गेलं हे कळल्यावर त्याला तत्त्व पुन्हा सापडलं होतं. तरी त्या दिवसापासून तो खरंच हलला नाही, एवढं त्याच्या पदरात टाकायला हवं. बाल्झान मधोमध उभी होती. तिने भावाकडे पाहिलं, येरसाईनच्या नोकरीचा हिशोब मनात केला, आणि तो करता करता तिला रडू यायला लागलं. मग ती बोताकोझजवळ गेली आणि खाली बसून स्वतः वळलेल्या दोराची गाठ बोटांनी सोडली. दोर तिने सुनेच्या हातात दिला. "जपून ठेव," ती म्हणाली. "कापायला माणूस मिळेल कधीतरी. मी नाही म्हणणार." बोताकोझने दोर खिशात टाकला आणि मुलीला घेऊन गल्लीच्या मागोमाग फाटकाबाहेर गेली.

कुनसुलू आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. ओरिनबाय ताडपत्री ओढून टायर मोकळे करत बसला. पांढऱ्या कापडाच्या टोकाला सागिंदिक उघडी कात्री हातात घेऊन एकटाच उभा होता. सवयीने त्याने ती उजवीकडे पुढे केली. उजवीकडे तबक घेऊन कुणीतरी उभं असतंच. पण नुरदौलेत गाडी काढायच्या निमित्ताने केव्हाच सटकला होता. सागिंदिकने डावीकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं. कात्री तशीच पुढे धरून तो बराच वेळ उभा राहिला. ती त्याच्या हातातून घ्यायला कुणी आलं नाही.